डॉन वाल्तेरच्या घराचा कागद

१

बुधवारी सकाळी सान हासिन्तो गावच्या कचेरीतून एक निळी फाइल नाहीशी झाली, आणि संध्याकाळपर्यंत चोर कोण हे गावानं ठरवूनही टाकलं. आता पुरावा तेवढा शोधायचा राहिला होता. तो शोधायला दोन्या आम्पारोला, म्हणजे आम्पारोबाईंना, बोलावणं आलं.

आम्पारो किरोस ही जवळच्या ला क्रूस शहरातल्या नोटरीकडची कारकून. एकतीस वर्षं तिनं दुसऱ्यांच्या घरांचे कागद वाचले होते आणि खोटी सही तिला जेवणातल्या खड्यासारखी लागायची. परदेशी लोक समुद्र बघून खुळावत तिच्या टेबलाशी यायचे. ती त्यांना एकच पाठ म्हणून दाखवायची. "समुद्र बघून जमीन घेऊ नका, समुद्र विकणाऱ्याच्या मालकीचा नसतो. पाणी कुठून येतं ते बघा. वाट कुणाच्या शेतातून जाते ते बघा. आणि जमीन गावकीची असेल, तर उठा, चौकात जाऊन एक आइसक्रीम खा आणि घरी जा." लोक हसायचे, आइसक्रीम खायचे आणि जमीन घ्यायचे.

कॅनडाचा वाल्तेरही बावीस वर्षांपूर्वी असाच हसला होता. किनाऱ्याची जमीन परदेश्याच्या नावावर होत नाही, आणि गावकीची तर कोणत्याच परक्याला मिळत नाही. म्हणून वाल्तेरनं घर बांधलं ते त्याचा मित्र डॉन चोन याच्या तुकड्यावर, नुसत्या त्याच्या शब्दावर. त्या शब्दावर त्याला बावीस वर्षं सुखाची मिळाली. बायको इन्ग्रिद गेली तेव्हा तिची राख त्यानं अंगणातल्या आंब्याखाली पुरली. पण चोन गेल्यावर काय, हा प्रश्न आम्पारो दर नाताळला विचारायची आणि दर नाताळला दोघं म्हातारे तिला केक भरवून गप्प करायचे.

या वर्षी चोन खाटेला खिळला, तेव्हा त्याला तो प्रश्न आठवला. त्यानं खाटेसकट गावसभेत जाऊन आपला तुकडा गावकीतून मोकळा करून घेतला. एकसष्ट जणांच्या सह्या आणि अंगठे असलेला एकच ठराव झाला. तो आम्पारोकडे पोचला की तुकडा खाजगी होणार होता आणि बँकेच्या नावावर राहून, विश्वस्तपत्रामार्फत, वाल्तेरच्या ताब्यात जाणार होता. पुढं चोन वारला. नवव्या दिवशी, मंगळवारी, मृताच्या प्रार्थना संपून घरातला क्रूस उचलला. फाइल गुरुवारी यायची होती. बुधवारीच ती गेली. ठराव मागणारा चोनच उरला नव्हता, त्यामुळे दुसरा ठराव होणं नव्हतं.

"ठराव नसेल तर तुकडा कुणाचा?" गावकीचा प्रमुख फिदेन्सियो फोनवर गरजला. "वारसाचा! आणि वारस कोण? त्याची पोरगी एलविरा. बापाच्या कबरीवरची फुलं सुकली नाहीत, आणि बापाचा शब्द गिळून बसली! शाळेत शिकवते म्हणे. काय शिकवत असेल?"

फोन ठेवला तेव्हा आम्पारोला वाल्तेर आठवला. कारण त्याच बुधवारी सकाळी दहा वाजता वाल्तेर तिच्यासमोर बसला होता. नेहमीची इस्त्रीची बाही, नेहमीची टोपी मांडीवर. त्यानं एकच प्रश्न तीनदा विचारला होता.

"ठराव आलाच नाही, तर काय होईल, दोन्या?"

"घर एलविराचं होईल. तुमचा काडीचा हक्क राहणार नाही. तुमचाही नाही, तुमच्या मुलाचाही नाही, बँकेचाही नाही. पण घाबरू नका, उद्या येतोय तो."

उठताना त्यानं मनगटावर पाहिलं. "पावणेदहाच झालेत. वेळ आहे," असं पुटपुटत तो फाटकाशी उभ्या असलेल्या, गावाकडे माणसं नेणाऱ्या ट्रककडे गेला. भिंतीवर पावणेअकरा झाले होते. म्हाताऱ्या माणसाला काय टोकायचं, म्हणून तिनं पुढचा कागद ओढला.

२

सान हासिन्तो ट्रकनं अर्ध्या तासावर आहे. गुरुवारी आम्पारो उतरली तेव्हा कचेरीच्या पायरीवर दोन्या ताचा बसली होती. ताचा कचेरी झाडते, उघडते, बंद करते. तिचं वय तिलाही ठाऊक नाही.

"कपाटाला कुलूप?"

"बिजागरी तुटून तीन वर्षं झाली. प्रमुख म्हणतो करू, करू. त्याच्या दातांचंही तसंच चाललंय."

"फाइल शेवटची कधी पाहिलीस?"

"देवळात दहाचे टोले पडले तेव्हा. मी फडकं मारलं, निळी फाइल जागेवर होती. मग शेजारी मका दळायला गेले. अकराचे टोले ऐकून कुलूप लावायला आले, तर कपाटात बोट फिरवावं इतकी जागा रिकामी."

"मधल्या वेळात कोण आलं?"

"शेजारच्या दारातून मला पायरी दिसते. परकं कोणी फिरकलं नाही."

दहा ते अकरा. आम्पारोनं वहीत लिहिलं आणि पहिलं नाव खोडलं ते वाल्तेरचं. तो तर पावणेअकरापर्यंत तिच्याच पुढ्यात होता. दुसरं खोडलं फिदेन्सियोचं. तो पहाटेच चार पंचांना घेऊन राजधानीला गेला होता, आणि तिथल्या कचेरीनं दिवसभर त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं.

उरली दोन नावं. एक होतं जमिनीचा दलाल रामिरो. दुसरं एलविरा.

३

रामिरो किनाऱ्यावरच्या टपरीत तळलेला मासा खात होता. बुधवारीही तो तिथंच मासा खात होता आणि अकराच्या ट्रकनं गेला, याला टपरीवाली आणि ट्रकवाला दोघं साक्षी होते.

"मी चोर? दोन्या, तुम्ही पण?" त्यानं लिंबू पिळलं. "मला तर तो कागद हवा होता हो! म्हाताऱ्याच्या नावावर घर चढलं, की तिसऱ्या दिवशी ते माझ्या हॉटेलवाल्यांचं. बोलणी झालीयेत."

"वाल्तेर ते घर विकणार? त्या आंब्यासकट?"

"वाल्तेर नाही, त्याचा पोरगा एरिक. शनिवारी येतोय विमानानं. त्याच्याकडे बापाचं मुखत्यारपत्र आहे आणि डॉक्टरचा दाखलाही."

"कसला दाखला?"

रामिरोनं पहिल्यांदाच खाणं थांबवलं. "तुम्हाला माहीत नाही? विसरण्याचा आजार जडलाय त्यांना. आज सांगितलेलं उद्या आठवत नाही. दोन महिने झाले. पोरगा त्यांना तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवणार, घराच्या पैशांवर. वाईट नाही हो तो, रडला फोनवर. पण घर विकल्याशिवाय त्यालाही ते जमणार नाही."

आम्पारोला त्या तीनदा विचारलेल्या प्रश्नाची आठवण झाली. ती म्हातारपणाची भीती नव्हती तर. तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या भरात ती पुढचा विचार करायचा विसरली.

शाळा कचेरीच्या बरोबर समोर आहे, मध्ये फक्त रस्ता. एलविरा फळा पुसत होती. चाळिशीची, काळ्या पोशाखातली, बापाचंच रुंद कपाळ. बाहेरून जाणाऱ्या दोन बायांनी तिच्याकडे पाहिलं आणि मुद्दाम मान फिरवली.

"बाई, ताचा म्हणते, फाइल दहा ते अकराच्या दरम्यान गेली. तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

एलविरानं खिडकीबाहेर कचेरीकडे पाहिलं. मग फडकं झटकलं.

"साडेदहाला मधली सुट्टी होते. मी सुट्टीभर बापाच्या कबरीवर होते."

"कोणी पाहिलं?"

"तिथं होते ते सगळे मेलेले."

"एलविराबाई, असं तोडून बोलून चालायचं नाही. रविवारी दहाला गावसभा आहे. तुमचं नाव घेणार आहेत."

"घेऊ देत. नाव माझंच आहे."

अपराधी माणूस असा बोलत नाही, हे आम्पारोला कळत होतं. पण निरपराधीही असा बोलत नाही, आणि तेच तिला छळत राहिलं.

४

रविवारी बरोबर दहाला आम्पारो सभेच्या दारात पोचली. आत कुत्रंही नव्हतं. ताचा बाकं पुसत होती.

"सभा रद्द झाली का?"

"रद्द कशाला होईल? दहाला आहे ना."

"दहा वाजले की!"

ताचा हसली. "ते तुमच्या सरकारचे. उन्हाळ्यात सरकार घड्याळाचा काटा एक तास पुढं ढकलतं. ढकलू दे. आमचं गाव देवाच्या वेळेनं चालतं, आमचे आत्ता नऊ होतात. शाळा, ट्रक आणि बँक तेवढी सरकारची."

आम्पारो बाकावर बसली. ही चूक दुसऱ्या कुणी केली असती तर समजण्यासारखं होतं. ती स्वतः असल्याच खेड्यात जन्मली होती. आई तिला देवाच्या वेळेनं उठवायची आणि सरकारच्या वेळेनं शाळेत ढकलायची. एकतीस वर्षं भिंतीवरचं एकच घड्याळ बघून ती हे साफ विसरली होती.

तिनं वही उघडली. ताचाचे दहा ते अकरा म्हणजे शाळेचे, ट्रकचे अकरा ते बारा. रामिरो तोवर निघून गेला होता. एलविराची सुट्टी संपलेली होती, ती तीस पोरांसमोर वर्गात उभी होती. आणि जो पावणेअकराला ला क्रूसहून निघाला, तो सव्वाअकराला इथं पोचत होता. म्हणजे ताचाच्या सव्वादहाला. ज्याच्या मनगटावर पावणेदहा झाले होते, तो माणूस बावीस वर्षं गावाबरोबर देवाच्याच वेळेनं जगत आला होता.

"ताचा, बुधवारी कचेरीत परकं कोणी आलं नाही म्हणालीस. आपलं कोणी आलं होतं?"

"आपलं म्हणजे... डॉन वाल्तेर आले होते. ते रोजच येतात माठातलं पाणी प्यायला. त्यांना काय मोजायचं?"

ज्याचा कागद होता, त्यानंच तो चोरला होता. पण त्याहून मोठी गाठ आता सुटत होती. एलविरा इथंच वाढली. ताचाचे दहा म्हणजे कोणते दहा, हे तिला झोपेतही कळलं असतं. तरी तिनं उत्तर दिलं ते शाळेच्या घड्याळाचं. निर्दोष बाई स्वतःच्या हातानं संशय ओढवून घेत होती. आणि वर्गाच्या खिडकीतून कचेरीचं दार समोरच दिसतं.

सभेला अजून पाऊण तास होता. आम्पारो उठली आणि आंब्याच्या घराकडे चालू लागली.

५

वाल्तेर ओट्यावर बसला होता. एलविरा त्याच्यापुढं घेवडा आणि मक्याच्या गरम भाकऱ्या, तोर्तिया, वाढत होती. रोज वाढायची. बाप होता तेव्हा दोघांना, आता एकाला.

आम्पारोनं टोपी, बाही, चेहरा पाहिला आणि फिरवाफिरव न करता विचारलं, "डॉन वाल्तेर, निळी फाइल कुठं आहे?"

तो त्या दिवशी चांगला शुद्धीवर होता. आत गेला, गादीखालून फाइल काढून तिच्या हातात दिली.

"तुम्हीच तर मला वाट दाखवलीत, दोन्या. कागद आला तर घर माझं. माझं झालं की एरिकचं, आणि एरिकचं झालं की हॉटेलचं. ते खणतील, आंबा जाईल. इन्ग्रिदला मी कुठं शोधू मग? मला उद्या आंबा आठवेल की नाही तेही माहीत नाही." त्याचा आवाज घसरला. "कागद नसला की मी इथला कोणीच नाही. मग मला कोण विकणार? बावीस वर्षं तुम्ही ज्याची भीती घातलीत, त्याच्याच आडोशाला बसलोय आता."

"आणि ही? हिला गाव चोर म्हणतंय!"

"छे! एलविराला मी सगळं सांगितलंय ना. सांगितलंय ना गं पोरी? ती म्हणाली, मी बघते."

एलविरानं तोर्तियांचं फडकं नीट झाकलं. "हो काका. सांगितलंत."

आम्पारोनं तिच्याकडे पाहिलं. एकतीस वर्षांत इतकं शांतपणे बोललेलं खोटं तिनं ऐकलं नव्हतं.

मागच्या चुलीशी दोघीच उरल्या तेव्हा ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

"नाही. खिडकीतून दिसले. शर्टात फाइल खुपसून चालले होते, माझ्या वर्गातल्या पोरांसारखे. एक पान खालून बाहेर लोंबत होतं." ती हसली, आणि हसताहसताच तिचे डोळे भरले. "सांगायचं ठरवलं असेल. मग ठरवलेलंच सांगितल्यासारखं वाटलं असेल."

"फाइल सभेत ठेवू या. तुम्ही मोकळ्या व्हाल."

"आणि काका?"

आम्पारोनं हातातली फाइल खाली ठेवली.

"बाबा जाताना म्हणाले, वाल्तेरचं घर सांभाळ. कागद सांभाळ असं नाही म्हणाले. दोन्या, तुम्ही कागदांच्या बाई. मी तुमच्यापुढं हे करतेय, मला माफ करा."

तिनं फाइलमधला ठराव काढला. वरच चोनची थरथरती सही होती, तिच्यावरून तिनं अंगठा फिरवला. मग कागद चुलीत घातला. एकसष्ट सह्या आणि अंगठे जळताना आम्पारो बघत राहिली. हात पुढं करायचं तिच्या मनातही आलं नाही. नंतर ती चुलीपाशीच बसून रडली, आणि एलविरानं तिला कॉफी करून दिली.

६

देवाच्या दहाला सभा भरली. फिदेन्सियोनं बोलायला तोंड उघडायच्या आत एलविरा उभी राहिली.

"ठराव मी घेतला. जाळला. जमीन बापाची होती, मला ती हवी होती."

बाकांवरची माणसं उठून उभी राहिली. मग मागून एक बाई ओरडली, "तुझा बाप खाटेवरून आला होता गं इथं! खाटेवरून!"

"बाईला शाळेतून काढा!"

"तिच्या पोटात अन्न कसं जातं?"

फिदेन्सियोचा संतापच विझला होता. त्याला बहुधा वाद हवा होता, कबुली नको होती. "कायद्यानं जमीन तुझी, एलविरा. ती आम्ही काढू शकत नाही. पण जत्रेला आपल्या संताच्या, सान हासिन्तोच्या मूर्तीपुढं तुमच्या घराची मेणबत्ती असायची, तुझ्या पणजोबापासून. या वर्षीपासून ती बंद. तुझ्या दारात गावातलं कोणी येणार नाही, आणि तू कुणाच्या दारात जायचं नाहीस."

"बरं," एलविरा म्हणाली.

आम्पारो साक्षीदार म्हणून पहिल्या बाकावर होती. तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला वेगळं काही आढळलं नाही." तिच्या आयुष्यातली ती पहिली खोटी साक्ष. तिच्यावर सही करताना अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं तिला नंतर कितीतरी दिवस नवल वाटत राहिलं.

शेजारी वाल्तेर बसला होता. सगळं लक्ष देऊन ऐकत होता. एलविरा त्याच्यासमोरून बाहेर गेली तेव्हा त्यानं आम्पारोच्या हातावर हात ठेवला. त्याची बोटं गार पडली होती.

"चोनची मुलगी, दोन्या," तो हळूच म्हणाला. "अंगाखांद्यावर खेळली माझ्या. माझं घर असं घेतलं तिनं? मला तर खरंच वाटत नाही." आणि त्याच्या डोळ्यांतून खरोखरीचं पाणी आलं.

आम्पारोनं तोंड उघडलं. दारात एलविरा थांबली होती. तिनं ते ऐकलं होतं. तिनं मान हलवली, एवढीशी, नाही म्हणून. आम्पारोनं तोंड मिटलं.

एरिकचं विमान त्याच दिवशी लागलं, एक दिवस उशिरा. तो भला माणूस निघाला. नोटरीकडं दोनदा येऊन गेला, ठराव नाही म्हटल्यावर बराच वेळ डोकं धरून बसला, आणि हिवाळ्यात परत येईन म्हणून बापाला मिठी मारून एकटाच गेला. रामिरो दुसऱ्या किनाऱ्याला लागला.

वाल्तेर आंब्याखाली बसतो. पण त्या रविवारनंतर त्यानं एलविराच्या हातचं खाणं सोडलं. पहिले दोन दिवस ताट तसंच परत गेलं. तिसऱ्या दिवसापासून ताचा ताट घेऊन येते आणि सांगते, मीच शिजवलं. एलविरा घरी शिजवते, कुंपणापर्यंत आणते आणि तिथून ताचाच्या हाती देते.

परवा आम्पारो भेटायला गेली, तेव्हा तो जेवत होता. पोरासारखा ताट पुसून खात होता.

"घेवडा चांगला झालाय, ताचा," तो म्हणाला. "अगदी चोनच्या घरच्यासारखा. ती पोरगी अशी निघायला नको होती."

कुंपणापलीकडे एलविरा उभी होती. ताट रिकामं झालेलं पाहून ती घरी गेली.